दवंडीच्या आधी भजन हळूच थांबवायचं कसं: प्लेअरला स्क्रिप्टमधून हाकणं

आमच्या गावात देवळाच्या खोलीत एक जुना डेस्कटॉप, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि छपरावर दोन भोंगे आहेत. संध्याकाळी भजनं लागतात. मधेच रेशन आल्याची दवंडी द्यायची असली की कोतवालकाका माइक धरून उभे, आणि आम्ही माउस शोधतोय. "काऊन बे पोट्टेहो, बंद करा न थे!" हे एकदा सगळ्या गावाने भोंग्यातून ऐकलं, तेव्हा हे काम स्क्रिप्टकडे, म्हणजे एका छोट्या प्रोग्रॅमकडे, सोपवलं.

त्यासाठी सॉकेटवर (दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची जोडणी) हुकूम घेणारा प्लेअर लागतो. व्हीएलसी आणि एमपीव्हीलाही ती सोय आहे, पण मला एमपीडी (म्युझिक प्लेअर डीमन, पडद्यामागे चालणारा प्लेअर) बरा वाटला. तो स्क्रीनवर दिसतच नाही. 6600 नंबरच्या पोर्टवर (डेस्कटॉपचं एक नंबरवालं दारच म्हणा) साधे शब्द पाठवायचे, उत्तरही साध्या शब्दांत येतं.

डेबियन लिनक्सवर अ‍ॅप्टने एमपीडी टाका, गाणी त्याच्या म्युझिक फोल्डरमध्ये ठेवा. मग टर्मिनलमध्ये नेटकॅटने (पोर्टशी हाताने बोलायचं साधन) लोकलहोस्टच्या, म्हणजे त्याच डेस्कटॉपच्या, 6600 पोर्टला जोडून आधी हाताने बोलून बघा. जोडल्याबरोबर 'ओके एमपीडी' आणि पुढे आवृत्तीचा आकडा दिसला की झालं. (हुकूम टाइप करायचे ते इंग्रजी लहान अक्षरांत, स्पेलिंगसकट.) 'अपडेट' दिल्यावर नव्या फायली त्याला दिसतात, 'स्टेटस'ने सध्याची हालत कळते, 'सेटव्हॉल 40'ने आवाज 40 वर येतो, 'पॉज 1'ने थांबतो, 'पॉज 0'ने पुन्हा चालू. हुकूम जमला तर उत्तराची शेवटची ओळ 'ओके', फसला तर 'एसीके' आणि कारण. सेटव्हॉललाच एसीके येत असेल तर एमपीडीच्या सेटिंगच्या कॉन्फिग फाइलमध्ये मिक्सर टाइप 'सॉफ्टवेअर' करा.

आता स्क्रिप्ट, ती पायथॉन भाषेत. सॉकेट मॉड्यूलमधलं क्रिएट कनेक्शन वापरून जोडा आणि पहिली ओके ओळ वाचून टाका. ती राहिली तर पुढचं प्रत्येक उत्तर एक पाऊल मागे पडतं. प्रत्येक हुकुमाच्या शेवटी न्यूलाइन हवीच. ती मी विसरलो होतो: एमपीडी ओळ पुरी व्हायची वाट बघतोय, स्क्रिप्ट उत्तराची वाट बघतेय, आणि भजन जोरात चालू. उत्तरही एका झटक्यात पूर्ण येईल असं धरू नका. सॉकेटमधून बाइट वाहत येतात, ओळी आपणच पाडायच्या. म्हणून सॉकेटचीच मेकफाइल ही सोय वापरून एकेक ओळ वाचा, ओके किंवा एसीके येईपर्यंत.

आवाज एकदम तोडला की कानाला बोचतं. स्टेटसमधून 'व्हॉल्यूम' उचला, एका फाइलमध्ये लिहून ठेवा, मग दर 0.15 सेकंदाला 5-5 ने कमी करत शून्यावर आणा आणि पॉज द्या. 80 वरून उतरायला अडीच सेकंदही लागत नाहीत. दवंडी संपली की दुसरी स्क्रिप्ट फाइलमधला आकडा वाचून उलट चढते. इथे एक गंमत झाली. कोणीतरी पहिलं बटण दोनदा दाबलं. दुसऱ्या खेपेला आवाज आधीच शून्य होता, फाइलमध्ये शून्यच लिहिला गेला, आणि त्या संध्याकाळी भजन 'चालू' असून गाव शांत! तेव्हापासून आकडा शून्य असेल तर फाइलला हात लावत नाही.

दोन्ही स्क्रिप्ट माइकजवळच्या कीबोर्डच्या दोन बटणांना जोडल्या आहेत. पोर्ट लोकलहोस्टपुरतंच ठेवा. सगळ्या नेटवर्कला उघडलंत तर वायफायवरचं कोणतंही पोट्टं तुमची भजनं बदलेल. पासवर्ड लावता येतो, पण तो उघडाच जातो.

राहिली लाइट. आमचा डेस्कटॉप लाइन आली की आपोआप सुरू होतो, आणि एमपीडी जिथे थांबला तिथून गायला लागतो, मग रात्रीचे 2 का वाजलेले असेनात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 भोंगा बंदच हवा. म्हणून कॉन्फिगमध्ये 'रिस्टोअर पॉज्ड'ला 'येस' केलं, आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी हुकूम चालवणारा प्रोग्रॅम) रात्री 10 ला पॉज 1 पाठवणारी ओळ टाकली. सकाळी मात्र चालू करायला पुजारीबुवाच येतात. ते बटण त्यांना कोणी दाबू दिलेलं आवडत नाही.