मोठी मूळ संख्या तपासताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत मोठ्या मूळ संख्येवरचा तक्ता असतोच. विषय सुंदर आहे, म्हणून तर तीच तीच चूक दिसली की जीव तुटतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे मोठी संख्या स्प्रेडशीटमधून उतरवून घेणं. खानापूरकडच्या एका प्रदर्शनात नववीतल्या मुलानं २ चा ६१ वा घात वजा १ घेतला होता. ही संख्या मूळ असल्याचं रशियन गणिती पर्वुशिन यांनी १८८३ मध्ये सिद्ध केलं आहे. तक्त्यावर मात्र ठळक अक्षरांत २३०५८४३००९२१३६९०००० असं लिहिलेलं. परीक्षकांनी विचारलं, "शेवटी शून्य आहे, मग दहानं भाग जातोय की रे?" पोरगं गप्प झालं. त्याची निवड बरोबर होती, घात केला तो स्प्रेडशीटनं. ती १५ अंकच खरे ठेवते, पुढं शून्यं भरते. खरे शेवटचे चार अंक ३९५१. अशा कामाला पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा वापरा, तिथं एकही अंक गळत नाही. आणि शेवटचा अंक हातानं पडताळाच. २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरतात. ६१ ला ४ नं भागून बाकी १, म्हणजे शेवटी २, त्यातून १ गेला की १. एवढं करायलाही ज्यांना वेळ नसतो, त्यांनी हा विषय घेऊ नये.

दुसरी चूक: २ चा घातांक मूळ, म्हणून तो घात वजा १ ही संख्याही मूळ असं धरणं. ११ मूळ आहे, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. हे दोन्ही अवयव २२ च्या पटीत १ मिळवून येतात. घातांक विषम मूळ असेल तर त्याच्या दुपटीच्या पटीत १ मिळवून येणारेच भाजक तपासायचे. २१४७४८३६४७ साठी, म्हणजे घातांक ३१ साठी, ६३, १२५, १८७ अशी यादी करायची, त्यातल्या मूळ संख्या घ्यायच्या आणि यादी वर्गमूळाच्या, म्हणजे ४६३४० च्या पुढं गेली की थांबायचं. गणिती ऑयलरनं १७७२ मध्ये ही संख्या मूळ ठरवली ती अशीच चाळणी लावून. नवखी पोरं ३, ७, ११ पासून भागत बसतात आणि कंटाळून "मूळच असेल" म्हणतात.

१ मूळ नाही. ९१ दिसायला मूळ वाटते, पण ती ७ × १३ आहे. पहिल्या सहा मूळ संख्यांच्या गुणाकारात १ मिळवला की ३००३१ येते, तीही मूळ नाही: ५९ × ५०९.

फर्माच्या चाचणीवर एका फटक्यात निकाल देऊ नका. या चाचणीत एक पाया घेऊन त्याचा, संख्येपेक्षा १ नं कमी घातांकाचा घात त्या संख्येनं भागतात; बाकी १ उरली तर संख्या पास. ३४१ = ११ × ३१, तरी पाया २ घेतला तर ती चाचणीत पास होते, कारण २ चा १० वा घात, म्हणजे १०२४, ३४१ नं भागून बाकी १ उरते आणि ३४० ही १० च्या पटीत आहे. २०२४ मध्ये २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १ ही ४१०२४३२० अंकी संख्या सापडली, तेव्हाही आधी 'बहुधा मूळ' एवढाच कौल मिळाला होता. लुकास-लेहमर ही अशा संख्यांसाठीची पक्की चाचणी पार पडल्यावरच ती जाहीर झाली.