मॉड्युलर केबिन उभारताना या चुका टाळा

मॉड्युलर केबिनच्या भिंती, छप्पर आणि जमीन कारखान्यात तयार होतात आणि तिथे सहसा फारसे चुकत नाही. नंतरच्या तक्रारी येतात त्या सांध्यांतून: जमीन आणि चौकट यांच्यातला सांधा, दोन मॉड्यूलमधला (कारखान्यातून तयार येणाऱ्या खोलीएवढ्या खणांमधला) सांधा, आतली हवा आणि बाहेरची हवा यांच्यामधला सांधा. नकाशावर हे तिन्ही एकेका रेघेत उरकले जातात.

आधी नकाशा, मग रस्ता

खोलीच्या सोयीने मॉड्यूलची रुंदी ३ मीटर ठरवली जाते आणि मग वाहतुकीचा प्रश्न उभा राहतो. बहुतेक देशांत विशेष परवानगीशिवाय २.५ ते २.६ मीटर रुंदीपर्यंतचाच माल रस्त्यावरून नेता येतो. ट्रकचा पाटा जमिनीपासून १.२ मीटर आणि एकूण उंचीची मर्यादा ४ मीटर धरली, तर मॉड्यूलच्या वाट्याला २.८ मीटर उरतात. उतरते छप्पर त्यात मावत नाही. ते सुटे आणून जागेवर चढवायचे, हे आराखड्यातच ठरवा.

क्रेनच्या बाबतीत तर नेहमी फसगत होते. ‘२० टनी’ क्रेन २० टन उचलते ती अगदी जवळून, साधारण ३ मीटरवरून. १२ मीटर लांब ठेवायचे असेल तर तिची क्षमता काही टनांवर येते. फिनिशिंगसह २.५ × ६ मीटरचे लोखंडी मॉड्यूल सहज तीन-चार टनांचे होते. म्हणून क्रेन ठरवण्याआधी लोड चार्ट (किती अंतरावर किती वजन उचलेल याचा तक्ता) मागवा आणि ती जिथे उभी राहणार तिथून अंतर टेपने मोजा. क्रेनसाठी झाडे तोडावी लागत असतील तर मॉड्यूलचा हट्ट सोडा आणि चौघांना उचलता येतील अशी सुटी पॅनल वापरा.

जागा सपाट करण्याची घाई

उताराची एक बाजू कापून दुसरीकडे भराव टाकला की निम्मी केबिन घट्ट मातीवर आणि निम्मी भरावावर बसते. भराव खचतो, चौकट पिळवटते, शिवाय पावसाच्या पाण्याची वाटही बदलते. उतार तसाच ठेवून स्क्रू पाइल (जमिनीत स्क्रूसारखे फिरवून बसवायचे लोखंडी खांब) किंवा सुट्या काँक्रीट फुटिंगवर (पायाच्या ठोकळ्यांवर) केबिन उचलणे केव्हाही चांगले.

झाडांची बहुतेक मुळे वरच्या ६० सेंमी मातीत असतात. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर खोडाचा व्यास मोजा आणि त्याची १२ पट करा. तेवढ्या त्रिज्येत यंत्राने खोदू नका, जड वाहनही नेऊ नका. खोड ३० सेंमीचे असेल तर हे अंतर ३.६ मीटर होते.

पाइलच्या डोक्यांची पातळी लेझरने किंवा लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) जुळवा, फरक ३ मिमीच्या आत ठेवा. दोन्ही कर्ण मोजून सारखे आले की मगच मॉड्यूल ठेवा. बेसप्लेटला (पाइलच्या डोक्यावरच्या लोखंडी पट्टीला) उंची कमी-जास्त करता येईल असा बोल्ट हवा. काही महिन्यांनी दार घासायला लागले, तर दाराला रंधा मारू नका. आधी पातळी तपासा. बहुतेक वेळा एखादा कोपरा खाली गेलेला असतो.

केबिन हलकी असते, म्हणून पाया फक्त वजन पेलणारा असून भागत नाही. ४० मीटर प्रतिसेकंद वाऱ्यात छपरावरची वर जाणारी ओढ दर चौरस मीटरला १०० किलोच्या आसपास जाऊ शकते. २० चौरस मीटरच्या छपराला हे दोन टन झाले. छप्पर ते चौकट आणि चौकट ते पाइल अशी बोल्टची सलग साखळी असायला हवी. ‘वजनानेच बसेल’ हा हिशेब वादळात चुकतो.

दोन मॉड्यूलमध्ये नुसते सिलिकॉन

मॉड्यूल एकमेकांना चिकटवून बसवण्याचा मोह होतो, पण चौकटी कधीच अगदी सरळ नसतात. १५ ते २० मिमी फट धरा, तिच्यात दाबली जाणारी रबरी गॅस्केट बसवा आणि वरून धातूची फ्लॅशिंग (फट झाकणारी पत्र्याची पट्टी) टाका. सिलिकॉन एकटे टिकत नाही, कारण सांधा रोज हलतो. ६ मीटरचा लोखंडी चॅनल ४० अंशांच्या फरकाने जवळपास ३ मिमी वाढतो, तेवढाच पॉलिकार्बोनेटचा (पारदर्शक प्लास्टिकचा) पत्रा १६ मिमी. त्यामुळे पॉलिकार्बोनेटची भोके स्क्रूपेक्षा मोठी पाडा. छपराचा सांधा उंच भागावर ठेवा, पाणी वाहून येते त्या खोलगट भागात कधीही नको.

गळती शोधताना पाइपने पाणी खालून वर मारत जा, प्रत्येक टप्प्यावर दहा मिनिटे. वरून सुरुवात केली तर पाणी कुठून शिरले ते कळतच नाही.

पाऊस नसताना गळणारे छप्पर

थंड पहाटे पत्र्यावरून थेंब पडतात आणि लोक छपरावर चढून सीलंट लावतात. ही गळती नसतेच. दोन माणसे रात्रभर झोपली की श्वास आणि घाम मिळून अर्धा लिटरहून अधिक पाणी हवेत सोडतात. २५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रतेची हवा सुमारे १७ अंशांच्या पृष्ठभागाला लागली की दव धरते. लोखंड लाकडाच्या सुमारे ४०० पट उष्णता वाहून नेते, त्यामुळे भिंतीत इन्सुलेशन भरूनही चौकटीच्या पट्ट्या गार राहतात आणि नेमक्या त्याच ओळींवर बुरशी उमटते.

उपाय: इन्सुलेशनचा एक सलग थर चौकटीच्या बाहेरून द्या. पत्र्याखाली २५ ते ३० मिमी हवेची वाट ठेवा, तिची दोन्ही टोके उघडी असू द्या. बाष्परोधक पडदा उबदार बाजूला हवा: थंड प्रदेशात आतून, दमट उष्ण प्रदेशात एसी असेल तर बाहेरून. दोन्हीकडून लावला तर मधे अडकलेली ओल वाळायला जागाच राहत नाही. न्हाणीत बाहेर हवा फेकणारा पंखा लागतोच, खिडकीच्या भरवशावर राहू नका.

लाकूड आणि स्क्रू

लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकली की कुजणे सुरू होते. म्हणून लाकूड जमिनीपासून किमान २० ते ३० सेंमी वर, वळचण साधारण ६० सेंमी पुढे, आणि पागोळ्या पडतात तिथे खडीचा पट्टा. तांबेयुक्त रसायनाने प्रक्रिया केलेल्या लाकडाला साधे किंवा नुसता झिंकचा पातळ मुलामा दिलेले स्क्रू मारू नका. ते आतून खाल्ले जातात. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या झिंकमध्ये बुडवून जाड थर दिलेले) किंवा स्टेनलेसच घ्या. केबिनखाली ४५ सेंमी तरी मोकळी जागा ठेवा, म्हणजे माणूस आत सरकून वाळवीची माती, सैल बोल्ट आणि पाइपचे सांधे पाहू शकेल. शोभेसाठी ही जागा चारही बाजूंनी बंद करणे ही महागात पडणारी हौस आहे.

निसर्गाच्या नावाखाली

झाडांच्या सावलीतली केबिन गार राहते, पण तिच्याच छपरावर सोलर पॅनल लावले जातात. मालिकेत जोडलेल्या पॅनलपैकी एकावर फांदीची सावली पडली तरी सगळ्या मालिकेची वीज घटू शकते. पॅनल दूर, उघड्यावरच्या खांबावर लावा. मोठ्या काचेला पक्षी धडकतात. काचेच्या बाहेरच्या बाजूने दर ५ सेंमीवर ठिपके किंवा रेघा असल्या तर धडका बऱ्याच कमी होतात. पश्चिमेची काच लहान ठेवा, हलक्या भिंती दुपारची ऊब झेलू शकत नाहीत. पावसाच्या टाकीचा हिशेब सोपा: १ चौरस मीटर छपरावर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर, त्यातला ८० ते ९० टक्के हाती लागतो. पहिल्या सरीचे पाणी मात्र टाकीत न घेता सोडून द्या.

पहिला पावसाळा संपला की सगळे बोल्ट पुन्हा आवळा आणि पाइलच्या पातळ्या नव्याने मोजून लिहून ठेवा. पुढे दार अडकले तर ताडून पाहायला हेच आकडे लागतात.