कॅनडात, ब्रॅम्प्टन-मिसिसागात रात्रीची डिलिव्हरी करणाऱ्या नव्या मुलांसाठी

सिमकार्ड, बँकेचं खातं, थंडीचे बूट हे कुणीही सांगेल. मी फक्त रात्रीच्या डिलिव्हरीबद्दल लिहितोय.

जुलै 2023 मध्ये मिसिसागात ब्रिटानिया आणि क्रेडिटव्ह्यू रस्त्यांजवळ रात्री दोनच्या सुमारास पिझ्झा द्यायला गेलेल्या 24 वर्षांच्या भारतीय विद्यार्थ्याला मारहाण करून त्याची गाडी पळवली. काही दिवसांनी तो हॉस्पिटलात वारला. त्याला तिथे बोलावण्यासाठीच ऑर्डर दिली होती, असं इथल्या पील पोलिसांचं म्हणणं होतं. गाडी पाच किलोमीटरच्या आतच टाकून दिलेली सापडली. तेवढ्यासाठी पोराचा जीव गेला.

म्हणून कुणी किल्ली मागितली तर देऊन टाका. आत फोन, पासपोर्ट, काहीही असो. गाडीमागे धावू नका. फोन नकाशावर दिसतोय म्हणून तिथे स्वतः जाऊ नका, ते ठिकाण पोलिसांना सांगा.

आणि लगेच 911 ला, म्हणजे इथल्या तातडीच्या नंबरला, फोन करा. माझ्यावर पिस्तूल रोखून गाडी नेली तेव्हा मी आधी रूममेटला फोन केला. तो म्हणाला, पोलिसांत जाऊ नकोस, पीआर (इथे कायम राहण्याचा परवाना) अडकेल. त्यात पाऊण तास गेला. आपल्या लोकांत हा सल्ला अजूनही फिरतो, अगदी वीस वर्षं इथे राहिलेली माणसंही देतात, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. लुटले गेल्याची तक्रार केली म्हणून कुणाचं स्टडी परमिट जात नाही. फोनच नेला असेल तर उजेड दिसेल त्या घराचं दार ठोठावा. इथे ठाण्यात जाऊन बसावं लागत नाही, पोलीस तुमच्याकडे येतात. इंग्रजी सुचत नसेल तर दुभाषा मागा.

ते तक्रारीचा क्रमांक देतील, तो जपून ठेवा. पुढे डिटेक्टिव्हचा फोन येतो. ऑर्डर कुठल्या नंबरवरून आली, ॲपमधली वेळ, पत्ता, यावरूनच तपास सरकतो, तेव्हा ॲपमधलं काहीही पुसू नका. गाडी सापडली तर आत हात लावू नका, बोटांचे ठसे घ्यायचे असतात. फोटो दाखवले आणि ओळख पटत नसेल तर ‘नाही ओळखत’ एवढंच म्हणा. मदत करायच्या भरात अंदाजाने बोट दाखवू नका.

आता विमा. माझी पॉलिसी साधी, घरगुती वापराची होती. डिलिव्हरी करतो हे मी हप्ता वाढेल म्हणून सांगितलं नव्हतं. क्लेम नाकारला. गाडी गेली ती गेली, वर तिच्या कर्जाचे हप्ते मी तीन वर्षं भरले. आईला कधी सांगितलं नाही. पहिली ऑर्डर घ्यायच्या आधी विमा एजंटला फोन करा, डिलिव्हरी करतो असं स्पष्ट सांगा आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्या. तोंडी ‘हो, चालेल’ कामाला येत नाही.

फोन करायला धीर होत नसेल तर मला सांगा, मी शेजारी बसतो.