आरएफनं माती तापवायची, तर आधी पाण्याचा हिशेब

मातीत मुरलेलं डिझेल किंवा जेट इंधन न खणता, माती रेडिओ लहरींनी (आरएफ) तापवून वाफेच्या रूपात काढायचं, तर वीज तेलापेक्षा पाणीच जास्त खातं. एक घनमीटर माती घ्या: कोरडं वजन १,६०० किलो, ओल १५ टक्के, म्हणजे २४० लिटर पाणी. ती २० वरून १५० अंश सेल्सिअसला न्यायला साधारण २२० युनिट लागतात. त्यातली १५० नुसती वाफ करण्यात जातात. विजेतून रेडिओ लहरी बनवणारा आरएफ जनरेटर ६० टक्के कार्यक्षम धरला तर मीटरवर ३७० पडतात, कडेनं निसटणारी उष्णता वेगळीच. म्हणून भूजल वर असेल तर आधी पंपानं उतरवा.

नुसता विद्युत्प्रवाह सोडून तापवलं तर माती सुकली की वहन थांबतं आणि गाडी शंभराच्या आसपास अडते. आरएफ कोरड्या मातीतही शिरतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या व्होल्क फील्डवर १९८९ साली अग्निशमन सरावाच्या खड्ड्यातली इंधन मुरलेली वाळू अशीच दीडशे अंशांपर्यंत तापवली होती.

धातूच्या नळ्या मातीत तीन ओळींत उतरवा: मधली ओळ लाइव्ह (जनरेटरला जोडलेली), कडेच्या दोन अर्थिंगच्या. कडेच्या नळ्या दाट हव्यात, म्हणजे विद्युतक्षेत्र आतच कोंडतं. त्यांनाच भोकं पाडली की वाफही तिथूनच ओढता येते. वरून वाफ अडवणारं आच्छादन आणि रेडिओ लहरी अडवणारं धातूचं शील्ड. वाफ ओढणारा व्हॅक्यूम सुरू झाल्याशिवाय जनरेटर लावू नका. नाहीतर वाफ थंड कडेला जाऊन पुन्हा द्रव होते आणि चांगली माती नासते.

लहरींची वारंवारता १३.५६ मेगाहर्ट्झ सोयीची: जनरेटरमधून तिच्या पटीतल्या लहरीही थोड्या निसटतात, पण दुप्पट २७.१२ आणि तिप्पट ४०.६८, दोन्ही औद्योगिक वापराच्याच पट्ट्यांत बसतात. चौपटीपासून पुढे मात्र फिल्टर लागतोच.

सगळ्यात जास्त डोकेदुखी मॅचिंगची, म्हणजे जनरेटर आणि माती यांचा मेळ बसवण्याची. माती सुकते तसा तिचा इम्पिडन्स (विद्युत अवरोध) सरकतो, रिफ्लेक्टेड पॉवर (मातीत न शिरता परत येणारी) चढते, केबलचे जोड तापतात. शंभर अंशांच्या आसपास तर मॅचिंगवर सतत डोळा हवा. साधा थर्मोकपल (तारेचा तापमापक) आरएफ चालू असताना खोटं सांगतो. फायबर ऑप्टिक प्रोब (प्रकाशावर चालणारा तापमापक) वापरा, नाहीतर पॉवर बंद करून वाचा.

ओढलेली वाफ आधी कंडेन्सरमध्ये, मग पाणी आणि तेल वेगळं, उरलेला वायू ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून. कार्बनकडे गरम, दमट वायू सोडला तर तो तेल नीट धरत नाही.

शेवटचा नमुना धातूच्या नळीत घ्या, दोन्ही तोंडं लगेच बंद करा, बर्फात थंड होऊ द्या, मगच उघडा. गरम नमुना उघडलात तर तेल तिथंच उडून जातं आणि घाण मातीही अहवालात स्वच्छ दिसते.