गणित समजतं पण पेपरात सुटत नाही? सराव करताना या चुका टाळा

परीक्षा जवळ आली की मुलं वह्या घेऊन येतात. पानंच्या पानं भरलेली असतात, सगळी गणितं बरोबर, अक्षरही छान, आणि तरी सराव पेपरात मार्क निम्मेच पडलेले. मग मी विचारते, हे गणित कसं सोडवलंस? तर दहातले आठ जण सांगतात, आधी सोल्युशन बघितलं, समजलं, मग लिहून काढलं. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच आहे, कारण दुसऱ्याने सोडवलेलं गणित वाचताना प्रत्येक स्टेप पटते आणि पटली म्हणजे आपल्याला आलं असं वाटतं, पण पेपरात अडतं ते पहिल्या ओळीला, आणि ती ओळ तर सोल्युशनने आपल्याला आयती दिलेली असते.

म्हणून सोल्युशन झाका, कोरा कागद घ्या, आणि निदान पाच-सात मिनिटं गणिताशी झुंजा. नाहीच सुचलं तर फक्त पहिली स्टेप बघा आणि परत झाका. वेळ जास्त लागतो, दिवसाला वीसच्या जागी आठच गणितं होतात, होऊ द्या.

आता विषयाप्रमाणे बघू, कारण चुका ठरलेल्या असतात आणि उत्तर कसं आलंय त्यावरून बऱ्याचदा कुठे चुकलं ते कळतं.

संभाव्यतेत सूत्र सगळ्यांना पाठ असतं, चुकतं ते मोजण्यात. दोन फासे टाकले आणि बेरीज ७ येण्याची संभाव्यता विचारली, तर बरीच मुलं म्हणतात बेरीज २ ते १२ म्हणजे ११ शक्यता, त्यातली एक, उत्तर १/११. पण या ११ बेरजा सारख्याच वेळा येत नाहीत ना! २ यायला एकच जोडी आहे (१,१), आणि ७ यायला सहा जोड्या आहेत: (१,६), (२,५), (३,४) आणि त्यांच्या उलट्या. एकूण जोड्या ३६, म्हणून उत्तर ६/३६ म्हणजे १/६. एकदा तरी सगळ्या ३६ जोड्यांचा तक्ता हाताने काढाच, कंटाळा आला तरी काढा, कारण पुढची निम्मी गणितं त्या तक्त्याकडे बघून सुटतात. उदाहरणार्थ 'निदान एका फाशावर ६' विचारलं तर ६ अधिक ६ असे १२ घेतात, पण (६,६) ही जोडी दोनदा मोजली गेली, खरं उत्तर ११/३६. तक्त्यात शेवटची ओळ आणि शेवटचा स्तंभ रंगवा, कोपऱ्यातला चौकोन दोघांत येतो हे लगेच दिसतं.

दुसरी ठरलेली चूक म्हणजे 'परत न ठेवता' हे तीन शब्द न वाचणं. पिशवीत ५ लाल आणि ३ निळे चेंडू, एकामागून एक दोन काढले, परत न ठेवता, दोन्ही लाल? पहिल्यांदा ५/८, पण दुसऱ्यांदा पिशवीत ७ च चेंडू राहिलेत आणि त्यात लाल ४, म्हणून ४/७, गुणाकार ५/१४. उत्तर २५/६४ आलं असेल तर शोधत बसू नका, चेंडू तुम्ही मनातल्या मनात परत ठेवलाय. आणि संभाव्यता १ पेक्षा जास्त आली तर थांबा, एकतर काहीतरी दोनदा मोजलंय नाहीतर एकूण शक्यता कमी धरल्यात.

बीजगणितात कंसाआधीचा वजा सगळ्यांना माहीत आहे, ७ − (२क्ष − ३) उघडताना शेवटचं चिन्ह अधिक होतं, त्यावर जास्त बोलत नाही. जास्त नुकसान होतं ते काटछाटीत. क्ष² = ५क्ष दिसलं की दोन्हीकडचा क्ष उडवतात आणि क्ष = ५ लिहून मोकळे, मग क्ष = ० हे दुसरं उत्तर कायमचं गेलं. सगळं एका बाजूला आणा, क्ष(क्ष − ५) = ० करा. याच्या उलट वर्ग केल्यावर एखादं उत्तर जास्तीचं घुसतं: √(क्ष + ६) = क्ष चा वर्ग केला की ३ आणि −२ मिळतात, पण −२ मूळ समीकरणात टाकून बघा, डावीकडे २ आणि उजवीकडे −२, म्हणजे ते बाद.

शाब्दिक गणितात तर उत्तरच चूक कुठे झाली ते सांगतं. एक गाडी २४० किमी जाते, वेग ताशी १० किमीने जास्त असता तर २ तास कमी लागले असते, वेग किती? एका मुलीने वेग क्ष धरून याची मांडणी केली, समीकरण आलं क्ष² + १०क्ष + १२०० = ०, विवेचक (ब² − ४अक) ऋण आला, म्हणजे वास्तव उत्तरच नाही, आणि ती अर्धा तास आकडेमोड तपासत राहिली. आकडेमोडीत काहीच चूक नव्हती. तिने कमी वेळातून जास्त वेळ वजा केला होता. जास्त वेळ २४०/क्ष हा आधी लिहायचा, त्यातून २४०/(क्ष + १०) वजा, बरोबर २. मग शेवटी −१२०० येतं, उत्तरं ३० आणि −४०, वेग ऋण नसतो म्हणून ३०. आणि लगेच ताळा: ८ तास आणि ६ तास, फरक २, जमलं. हा ताळा दहा सेकंदांचा आहे, तो सोडू नका प्लीज.

भूमितीत आकृतीवर डोळे झाकून विश्वास ठेवतात. काटकोन दिसतोय म्हणून काटकोन धरतात, दिलेला नसतानाही. दुसरं, समरूप त्रिकोणात कुठल्या बाजूचं कुठल्या बाजूशी गुणोत्तर ते चुकतं. त्रिकोण अबक मध्ये डइ ही रेषा बक ला समांतर, ड हा बिंदू अब वर, इ हा अक वर, अड = ४, डब = ६, बक = १५, तर डइ किती? पटकन ४/६ लिहितात आणि १० आणतात. पण लहान त्रिकोणाची बाजू अड, मोठ्या त्रिकोणाची पूर्ण अब म्हणजे १०, गुणोत्तर ४/१०, उत्तर ६. दोन्ही त्रिकोण वेगवेगळे काढले तर ही चूक होतच नाही. क्षेत्रफळ विचारलं तर या गुणोत्तराचा वर्ग घ्यायचा, ४/२५.

अजून एक, प्रकरणानुसार सराव फार दिवस करू नका. वर्गसमीकरणाचं प्रकरण उघडलं की प्रत्येक गणित वर्गसमीकरणाचंच असतं हे आधीच माहीत असतं, पेपरात ते कुणी सांगत नाही. शेवटच्या महिन्यात संभाव्यता, बीजगणित आणि भूमिती या तिन्ही भागांतली गणितं मिसळून घ्या, टायमर लावून.

आणि चुकलेल्या गणितापुढे 'सिली मिस्टेक' लिहू नका, त्यातून काहीच हाती लागत नाही. 'चेंडू परत ठेवला', 'क्ष उडवला', 'पूर्ण बाजू घेतली नाही' असं लिहा, वेगळ्या वहीत, तारखेसकट. आठ दिवसांनी तीच गणितं सोल्युशन न बघता परत घ्या, पहिली ओळ स्वतःहून आली तर टिक करा, नाही आली तर पुढच्या आठवड्याची तारीख घालून ते गणित वहीत तसंच ठेवा.