डिग म्हणतं आहे, पिंग म्हणतं नाही

ऐरोलीच्या ऑफिसात परवा सर्व्हर नव्या आयपीवर (नेटवर्कवरच्या आकडी पत्त्यावर) हलवला आणि माझ्या लिनक्स मशीनवरून तो नावाने लागेना. डिगला, म्हणजे नावावरून पत्ता विचारणाऱ्या कमांडला, नवा आयपी बरोबर मिळत होता. पिंग, म्हणजे समोरचं मशीन उत्तर देतं का ते पाहणारी कमांड, मात्र जुन्याच पत्त्यावर जाऊन हात हलवत परत. तासभर डीएनएस (नावाचा आयपी सांगणारी यंत्रणा) सांभाळणाऱ्या दादाला उगाच बोल लावला. मग डोक्यात प्रकाश पडला: डिग थेट डीएनएसच्या नेमसर्व्हरला विचारतं, पिंग एनएसस्विच फाइलमधल्या (नाव आधी कुठे शोधायचं ते ठरवणाऱ्या) क्रमाने जातं, आणि तिथे 'फाइल्स' (म्हणजे मशीनवरचीच होस्ट्स फाइल, नावं आणि आयपी हाताने लिहायची) आधी, 'डीएनएस' नंतर. त्याच क्रमाने नाव शोधणारं 'गेटेंट होस्ट्स' चालवून पाहिलं, तर जुनाच आयपी. होस्ट्स फाइल उघडली. सर्व्हरची जुनी ओळ तिथे ठाण मांडून, आणि ती कधीतरी टेस्टिंगसाठी मीच घातलेली! ओळीपुढे हॅश (#) टाकून ती बंद केली, सेव्ह केलं, पिंग लागलं. रीस्टार्टसुद्धा नाही. दादाला कटिंग मात्र पाजावी लागली.