बायबलमधला करार आणि नीती: उतारा कसा वाचावा

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा 20वा अध्याय उघडला की वाचणारा थेट दहा आज्ञांकडे धावतो. आधी 2रे वचन वाचा: मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून तुला सोडवणारा तो मीच, असे देव सांगतो. सुटका आधी, आज्ञा मागून. यहुदी परंपरा या वचनालाच दहांपैकी पहिले धरते. म्हणून टिपण करताना नुसता क्रमांक लिहू नका. ‘खून करू नको’ ही यहुदी मोजणीत सहावी, कॅथलिक मोजणीत पाचवी.

मग पाहा, शपथेने कोण बांधले गेले. हिब्रूत करार ‘कापतात’. उत्पत्ती या पुस्तकाच्या 15व्या अध्यायात इस्राएलचा मूळपुरुष अब्राम (पुढे अब्राहाम) कालवड, शेळी आणि मेंढा चिरून समोरासमोर मांडतो. पक्षी मात्र चिरत नाही. रिवाजाने करार करणारे त्या तुकड्यांमधून चालतात (यिर्मया 34:18). इथे अब्राम गाढ झोपेत आणि मधून जाते धुमसती भट्टी व मशाल, म्हणजे देवाची खूण. बांधून घेतले ते देवाने. निर्गम 24मध्ये मात्र लोक ‘आम्ही पाळू’ म्हणतात, अर्धे रक्त वेदीवर पडते, अर्धे त्यांच्या अंगावर. हे दोन्ही करार एकाच मापाने मोजले की अटींचा घोळ होतो.

नीती शोधायची ती आज्ञेला जोडलेल्या कारणात. शब्बाथ, म्हणजे सातव्या दिवसाचा विसावा, घ्या. निर्गम 20:11 म्हणते, देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला म्हणून. अनुवाद (बायबलचे पाचवे पुस्तक) 5:15 म्हणते, तू मिसरात गुलाम होतास म्हणून. तिथे दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, असे स्पष्ट आहे. दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचा. परक्याला छळू नका, कारण तुम्हीही परके होता (निर्गम 22:21), हेही याच धाग्यातले. हिब्रू आवृत्तीत हे वचन 22:20वर सापडेल.

अनुवाद 28मध्ये आशीर्वाद 14 वचनांचे, शाप 54 वचनांचे. ते राष्ट्राला उद्देशून आहेत. एखाद्याच्या आजारपणाला लावाल, तर ईयोबाच्या मित्रांची चूक कराल; त्याचे दुःख म्हणजे त्याच्या पापाची शिक्षा, असे ते धरून बसले होते.

‘नवा करार’ लूक 22:20पासून, म्हणजे शेवटच्या भोजनातल्या येशूच्या शब्दांपासून, सुरू करू नका. यिर्मया 31:31–34 आधी. तो इस्राएल आणि यहूदाच्या घराण्यांशी आहे. नियमशास्त्र रद्द होत नाही, ते हृदयावर लिहिले जाते. ख्रिस्ती ‘नव्या करारा’तले इब्री लोकांस पत्र (इब्री 8) हाच उतारा उद्धृत करून पहिल्या कराराला जुना ठरवते. यहुदी वाचन तसे मानत नाही. दोन्ही वाचने टिपणात वेगळी ठेवा. ग्रीक ‘दियाथेके’चा अर्थ करार तसाच मृत्युपत्रही, इब्री 9:16मध्ये मृत्यूचा मुद्दा येतो तो त्या दुहेरी अर्थावरून.